हबसाणात गोरेपणाची मिजास

म्हसळा 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होते. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा या पट्ट्याला जुने लोक हबसाण म्हणत, कारण इथे आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांची सत्ता तीन शतकांहून अधिक काळ टिकली. काळी कातडी आणि कर्तृत्व यांचे वाकडे नाही, हे निदान या मुलखाला तरी कुणी शिकवायला नको होते. पण मुलगी बघून आलेल्या मंडळींना घरात पाय ठेवताच विचारले जाते ते रंगाबद्दलच. ‘नाकीडोळी नीटस आहे, पण…’ एवढे बोलून उत्तर देणारी थांबते आणि ऐकणारे समजतात. पोटुशी सुनेला केशर घातलेले दूध दिले जाते, ते बाळ गोरे व्हावे म्हणून. या बाबतीत मोहल्ला आणि आळी यांत काडीचा फरक नाही.

‘वंशद्वेष हा गोऱ्यांचा रोग, आपल्याकडे फार तर आवडनिवड आहे,’ असे यावर सांगितले जाते. मग गोव्यात 2013 साली काय झाले? एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला आणि राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना थेट कर्करोगाची उपमा दिली. गुन्ह्याचा तपास व्यक्तीचा होतो, देशाचा किंवा कातडीचा नाही. पुण्यात शिकायला आलेल्या सुदानी किंवा मणिपुरी पोराला तोंड पाहून खोली नाकारणारा घरमालक आवडनिवड करत नसतो. तो माणूस न तपासताच निकाल देत असतो.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो जास्त खोल रुतलेला आहे. सिद्द्यांनी किनाऱ्यावर जुलूम केले, माणसे पळवली, 1727 मध्ये चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानावर घाला घातला. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर, जुलमाचे मूळ रक्तात शोधण्यात. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसला तो सिद्दी जौहर, आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर शिवाजी महाराजांच्या बाजूने धावून गेला तोही सिद्दीच, हिलाल. रक्त एकच, बाजू दोन. मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून विकला गेला होता. त्याने खडकी वसवली, जमीन मोजून महसुलाची घडी बसवली, आणि 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. सत्तेच्या स्वार्थातून घडलेल्या गोष्टी वर्णाच्या खात्यावर मांडल्या, की इतिहास वाचून नुसता राग उरतो, समज येत नाही.

उरला ‘शास्त्रा’चा आधार. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी सिद्धांत मांडला होता की नाक जसजसे रुंद, तसतसा समाजातला दर्जा खाली. मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी नाकांची मापे पुन्हा तपासली, आणि त्याच आकड्यांच्या बळावर डॉ. आंबेडकरांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत. नाक मोजून उभारलेली उतरंड नाकाच्याच मापांनी पाडली.

इरावती कर्वे यांची कामगिरी याहून अवघड होती, कारण त्यांच्यासमोर परका सिद्धांतकार नव्हता, स्वतःचा मार्गदर्शक होता. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. फिशर यांचे म्हणणे असे, की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसणे हे युरोपीयांच्या तर्कबुद्धीचे लक्षण असून इतर वंशांत ते सापडणार नाही. इरावतीबाईंनी 149 कवट्या हातात घेऊन मोजल्या. डावी बाजू, उजवी बाजू, पुन्हा डावी. असमानता सगळीकडे होती आणि तिचा वंशाशी संबंध नव्हता. विशीतली, परदेशातली, पदवीसाठी त्याच माणसावर अवलंबून असलेली ही बाई, पण तिने आकडे जसे आले तसे लिहिले. गुण मिळाले ते अगदी काठावरचे. हेच फिशर 1933 मध्ये, हिटलरच्या सत्तेत, बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. विवेक म्हणतात तो हा: उत्तर आधी ठरवून मोजायला बसायचे नाही आणि मापाने विरोधात कौल दिला तर माप बदलायचे नाही. पुढे 1972 मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले, की माणसामाणसांतला सुमारे 85 टक्के जनुकीय फरक एकेका समूहाच्या आतच असतो.

म्हसळ्याला आत्मपरीक्षणासाठी साहित्य बाहेरून आणायला नको. इथल्या कित्येक घरांतला माणूस आखातात आहे. काम तेच असूनही पासपोर्ट पाहून पगार ठरतो, याची चीड सुट्टीवर आल्यावर त्याच्या बोलण्यात असते. कोकणच्या किनाऱ्यावरून केप टाऊनला गेलेल्या कुटुंबांनी 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्याखाली राहायचा मोहल्लाही सरकारच्या वर्णतक्त्यावरून ठरताना पाहिला. ही चीड रास्त आहे. मात्र तोच माणूस लेकीचा बायोडेटा छापायला देताना ‘वर्ण’ या रकान्यात ‘निमगोरा’ लिहितो, ‘सावळा’ लिहायला त्याचा हात धजत नाही. पासपोर्टावरून केलेली पारख अन्याय असेल, तर या रकान्यावरून केलेली पारख कोणत्या तर्काने न्याय्य ठरते? वैयक्तिक आवड म्हणावी, तर एकाच वेळी गावभर सगळ्यांची आवड एकच कशी?

गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने 2020 मध्ये आपल्या नावातला ‘फेअर’ काढला. बायोडेट्यातला हा रकाना काढायला कंपनीचा निर्णय लागत नाही आणि कायदाही लागत नाही. वधू-वर मंडळांनी, जमातींनी आणि छापखान्यांनी तो सरळ गाळावा. मोकळ्या झालेल्या ओळीत थॅलेसेमियाची तपासणी झाली आहे की नाही ते लिहावे, कारण होणाऱ्या बाळाच्या दृष्टीने आई-बापाविषयी खरोखर जाणून घेण्याजोगी गोष्ट ती आहे.