झोपेचे सोंग

झोपलेल्याला जागे करता येते, पण झोपेचे सोंग घेतलेल्याला कोण जागे करणार, असे आपले वाडवडील सांगत आले. ही म्हण त्यांनी माणसे पाहून केली. आज ते हयात असते तर माझा लॅपटॉप पाहूनही त्यांनी हीच म्हण केली असती! मी त्याचे झाकण मिटतो, पडदा काळा होतो, दिवा मंदावतो, आणि मला वाटते, बापडा झोपला. प्रत्यक्षात तो टक्क जागा असतो आणि पिशवीच्या अंधारात स्वतःची बॅटरी खात बसलेला असतो.

वाचक म्हणतील, ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता, या म्हाताऱ्याचे यंत्रपुराण कशाला ऐकायचे? पण ज्या घरात हा अंक चाळला जात असेल, त्या घरात मुलाचा, सुनेचा नाहीतर नातीचा एखादा लॅपटॉप असणारच. आणि तो कधी ना कधी पिशवीत तापलेला सापडलाही असेल. तेव्हा हे भांडण माझे एकट्याचे नाही.

गेल्या पौषातली गोष्ट. तीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवून मी निवृत्त झालो, आणि तेव्हापासून आडगावच्या शाळांतून मुलांना आकाश दाखवत हिंडतो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेले आणि पुढे जगभरच्या हजारो हातांनी वाढवलेले हे काम. ते कोणीही उघडून वाचावे, दुरुस्त करावे, दुसऱ्याला द्यावे, अशी त्याची अट. त्यावर 'स्टेलॅरियम' नावाचा, तसाच मुक्त, आकाशदर्शनाचा कार्यक्रम चालतो. एखाद्या शाळेने मागितला तर मी तो तेथल्या तेथे उतरवून देतो. चोरीही होत नाही आणि पैही पडत नाही.

त्या दिवशी रात्रभर बॅटरी भरून, झाकण मिटून मी वाईहून मेढ्याची एस.टी. धरली. पिशवी मांडीवर. थंडी कडाक्याची, आणि मांडीला छान ऊब लागत होती. मी मूर्खासारखा त्या उबेवर खूश होतो! मेढ्याला गाडी बदलून जावळीच्या खोऱ्यातल्या त्या शाळेत पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. नेमके आभाळात मळभ, आणि गावातली वीजही गेलेली. चाळीसएक मुले घोंगड्या पांघरून ओळीने बसली होती. मी म्हटले, ढग असू देत, आपले आकाश पिशवीत आहे. झाकण उघडले, कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. बॅटरीत थेंब शिल्लक नव्हता.

मुले कुरकुरली असती तर बरे झाले असते. ती गप्प बसून राहिली. एक मुलगी शेजारच्या वाडीवरून धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली होती. ती जवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, उद्या उठंल का त्ये?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे पुढचे तीन आठवडे गेले.

घरी आल्यावर आमच्या मेहुण्यांनी, वसंतरावांनी, निकाल देऊन टाकला. "दाजी, फुकट ते फुकटच! चार लोक वापरतात ते घालायचं सोडून तुम्ही हा संन्याशाचा संसार मांडलात. भोगा आता!" सौ.नीही भावाच्या बाजूने मान डोलावली. वसंतरावांचे हे मत त्यांचे एकट्याचे नाही. लॅपटॉप नीट झोपत नाही, नीट उठत नाही, की दोष लिनक्सच्या माथी मारायचा, अशी रूढीच पडून गेली आहे. माझे म्हणणे असे की, हा न्याय उलटा आहे. चोर सोडून संन्याशालाच सुळी दिले जात आहे.

आधी झोप म्हणजे काय ते पाहू. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून 'एसीपीआय' नावाची एक नियमावली काढली. यंत्राने किती जागे असावे याच्या पायऱ्या त्यात ठरल्या. त्यांतली एस-३ ही खरी झोप. तीत यंत्राची तात्पुरती स्मृती तेवढी तेवत ठेवायची, बाकी सारे विझवायचे. देवघरात समई ठेवून घरातले दिवे मालवावेत तसे. एस-४ म्हणजे त्याहून गाढ निद्रा. तीत स्मृतीसुद्धा डिस्कवर उतरवून ठेवायची आणि समईही शांत करायची. आपला विठोबा आषाढीला झोपतो आणि कार्तिकीला ठरल्या दिवशी उठतो. यंत्राकडूनही आपली अपेक्षा एवढीच. झोप म्हटले की झोपावे, ऊठ म्हटले की उठावे, आणि मधल्या काळात तेल जाळू नये.

मग २०१२ साली विंडोज ८ बरोबर नवी टूम निघाली, आणि २०१५ साली विंडोज १० बरोबर तिचे 'मॉडर्न स्टँडबाय' असे बारसे झाले. कल्पना अशी की, लॅपटॉपने मोबाईलसारखे डुलकी घेत पडावे, मधूनच उठून टपाल पाहावे आणि झाकण उघडताच क्षणात हजर व्हावे. कल्पना वाईट नाही. ज्या यंत्रांत ती नीट बसवली आहे तेथे ती चालतेही. पण तिच्यात एक मेख आहे. या डुलकीत यंत्र बंद होत नाही. आतल्या प्रत्येक अवयवाने आपण होऊन स्वस्थ बसायचे असते, आणि एकाने जरी चुळबूळ केली तरी प्रोसेसर खोल विसाव्यात उतरत नाही. कीर्तनात एक पोर रडू लागले म्हणजे सबंध मंडपाची जी गत होते, तीच. माझ्या मांडीला लागलेली ऊब ती हीच! आणि हा ताप विंडोजवाल्यांनाही चुकलेला नाही; त्यांच्याही पिशव्या तापतात. त्यांना फक्त 'हे फुकटचे आहे म्हणून' असे कोणी ऐकवत नाही.

बरे, नवी डुलकी ठेवायची तर ठेवा; पण जुनी झोप का काढून घेतली? गेल्या काही वर्षांत निघालेल्या कितीतरी लॅपटॉपांत एस-३ ठेवलेलीच नाही. नव्या बांधणीमुळे तसे करणे भागच होते, असे कोणी सांगेल त्याला मी २०१८ सालची गोष्ट सांगतो. लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनची सहावी आवृत्ती बाजारात आली ती एस-३ शिवाय. लिनक्स वापरणाऱ्यांनी यंत्राच्या पोटातले एसीपीआयचे कोष्टक उलगडले, त्यात हाताने दुरुस्ती केली आणि ती झोप चालवून दाखवली. बोभाटा झाला. त्याच वर्षी कंपनीने यंत्राच्या मूळ आज्ञावलीत एक पर्याय दिला: झोप 'विंडोज' पद्धतीची हवी की 'लिनक्स' पद्धतीची? म्हणजे झोप यंत्रात होतीच. तिच्या खोलीला कुलूप घातले होते एवढेच.

ही मूळ आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, हेच खरे दुखण्याचे मूळ. ती कारखान्यातच बसवलेली असते, आणि ती आपल्याला वाचता येत नाही की बदलता येत नाही. यंत्र सुरू होताना ती विचारते, "तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस काय?" आणि लिनक्स उत्तर देते, "होय." ती विचारते, "तू लिनक्स आहेस काय?" लिनक्स सांगते, "नाही." वाचकहो, हे विनोदाने लिहीत नाही, व्यवहार खरोखरच असा चालतो. कारण यंत्र तपासले जाते ते विंडोज घालून. दुसऱ्या दाराने शिरावे तर आत खड्डेच फार, हे लिनक्सवाले अनुभवाने शिकले. भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव बदलून सांगणारी माणसे आपण पाहिली आहेत. अशा माणसाचा आपण अपमान करतो की त्या घरमालकाचा?

याबाबतीत एक जुने पत्र बोलके आहे. जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना लिहिले होते की, एसीपीआयची ही पुस्ती फक्त विंडोजपुरती करता येईल का, याचा विचार मनात येतो. नाहीतर काम आपण करायचे आणि लिनक्स आयते चालायचे. पुढे अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका खटल्यात हे पत्र पुराव्यात दाखल होऊन जगापुढे आले. तो विचार अमलात आला, असा आरोप मी करीत नाही. तेवढा पुरावा त्या पत्रात नाही. पण बड्या दुकानांच्या माडीवर कसले विचार घोळतात, ते त्यातून दिसते.

आता माझ्या यंत्राचे काय झाले ते सांगतो, कारण नुसती तक्रार करणाऱ्याचा मलाही कंटाळा आहे. लिनक्समध्ये 'मेम-स्लीप' नावाची एक चिमुकली फाईल असते. ती उघडली तर तिच्यात दोन शब्द होते: 'एस-टू-आयडल' आणि 'डीप'. पहिला म्हणजे सोंग, दुसरा म्हणजे झोप. ज्याच्याभोवती चौकटी कंस तो चालू. आणि कंस होता सोंगाभोवती! फर्मवेअरनेच तशी शिफारस केली होती. यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ओळीत मी 'मेम-स्लीप-डिफॉल्ट' म्हणजे 'डीप', एवढी भर घातली. कोणाच्या फाईलीत 'डीप' हा शब्दच नसेल, तर या उपायाचा उपयोग नाही. मग फर्मवेअरच्या पर्यायांत शोधावे, नाहीतर एस-४ ची सोय करून घ्यावी. तीसाठी डिस्कवर स्मृती मावेल एवढी 'स्वॅप'ची जागा राखावी लागते.

तरीही यंत्र मध्यरात्री आपोआप उठे, जणू काकड आरतीला जायचे आहे! दुसऱ्या एका यादीत, कोणाकोणाला यंत्र उठवण्याची मुभा आहे, ते लिहिलेले सापडले. यूएसबीच्या कारभाऱ्याला ती होती, आणि त्याला जोडलेल्या माउसला जरा धक्का लागला की सारे घर जागे. त्या कारभाऱ्याचे नाव त्याच फाईलीत लिहिले की मुभा रद्द होते. मात्र यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की ती परत येते, म्हणून दर वेळी आपोआप रद्द होईल अशी तजवीज केली. मग रात्री बॅटरी ९२ टक्के लिहून ठेवली आणि झाकण मिटले. सकाळी ८९. मी सौ.ना उठवून आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "यंत्र झोपलं, आता तुम्हीही झोपा."

या तीन आठवड्यांत मला आमच्या मुक्तपंथीयांचाही राग आला, तोही येथे नोंदवतो. ज्ञान सगळे उघड्यावर ठेवलेले. परंतु विचारायला जावे तर "आधी पोथी वाचा" असे फटकारणारे महंतच पुष्कळ. त्या वाडीवरच्या मुलीने उद्या विचारले तर तिला हेच ऐकवणार का? दार उघडे ठेवून उंबऱ्यावर कुत्रे बांधायचे, याला मी औदार्य म्हणत नाही. शिवाय लिनक्समध्येही चुका असतात, आणि काही वेळा न उठण्याचा दोष त्याच्याच पदरात पडतो. फरक इतकाच की तेथे मला चूक शोधता येते. फर्मवेअरपुढे मला फक्त हात जोडता येतात.

म्हणून माझे मागणे साधे आहे. फ्रिजवर तारे छापलेले असतात. किती वीज खाईल ते गिऱ्हाईक दारातच पाहते. तसे लॅपटॉपच्या खोक्यावर छापा, की हे यंत्र खरी झोप घेते की सोंग. आणि वाचकहो, पाडव्याच्या मुहूर्तावर लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: यात एस-३ आहे का? आणि झोपेची पद्धत मला निवडता येते का? तो गोंधळेल. गोंधळू द्या. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले की तो कंपनीला विचारील. ज्या वस्तूचे दाम मी मोजले, तिने कधी झोपावे हे मी ठरवायचे. त्या यंत्राचा मी मालक आहे की भाडेकरू, एवढाच हा वाद आहे.

माघात मी पुन्हा जावळीला गेलो. मांडीवरची पिशवी या वेळी गार होती, आणि थंडीने माझे गुडघे भरून आले तरी मला त्याचे दुःख झाले नाही. वर्गात मी झाकण उघडले. दोनतीन क्षणांत पडद्यावर मृग आणि व्याध उगवले. मग सगळे पटांगणात आलो. आभाळ निवळले होते; तेथेही मृग आणि व्याध. ती मुलगी एकदा पडद्याकडे आणि एकदा वर पाहत राहिली.

"उठलं की वो, गुरुजी," ती म्हणाली.