एक घर, तीन वयोगट आणि विज्ञानाचा अभ्यासक्रम

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी कुटुंबे महाराष्ट्रात संख्येने थोडी आहेत. परंतु पुण्या-मुंबईत ती आता नवलाची गोष्ट राहिलेली नाहीत. भाषा, इतिहास, अंकगणित हे विषय घरी शिकविण्याची सुशिक्षित पालकांना फारशी भीती वाटत नाही. गाडी अडते ती विज्ञानापाशी. त्यातही घरात सहा, दहा आणि चौदा वर्षांची मुले एकत्र शिकत असतील, तर प्रश्न अधिकच बिकट होतो. तीन इयत्तांची तीन पुस्तके, तीन वह्या, तीन वेळापत्रके आणि शिकविणारी आई मात्र एकच!

गृहशिक्षणाची ही चळवळ अमेरिकेत वाढली, आणि तिच्याबरोबर तयार अभ्यासक्रमांची मोठी बाजारपेठही तेथे उभी राहिली. वयाप्रमाणे वेगवेगळे संच, त्यांसोबत प्रयोगसाहित्याची पेटी आणि उत्तरांची पुस्तिका, असा तो माल आता आपल्याकडेही सहज मागविता येतो. पेटी महाग असली की शिक्षणही भारी असणार, हा मध्यमवर्गाचा जुना समज त्याला पूरकच ठरतो. परंतु अभ्यासक्रम विकत घेण्यापूर्वी तो कोणत्या कसोट्यांवर घासून पाहायचा, याचा विचार किती घरांत होतो?

पहिली कसोटी अशी की, घरातील सर्व मुले एका वेळी एकाच विषयावर काम करू शकतात काय? इयत्तावार विभागणी ही शाळेची गरज आहे. एका वर्गात एकाच वयाची चाळीस-पन्नास मुले बसवायची, तर तिला पर्याय नसतो. घराला ती सक्ती नाही. मोठ्याकडे पाहून धाकट्याने शिकावे, ही आपल्या कुटुंबाची पूर्वापार रीत आहे. तेव्हा विषय एक आणि पायऱ्या तीन, हीच रचना घराला मानवणारी आहे.

उन्हाळ्यातला पाण्याचा माठ घ्या. सहा वर्षांच्या मुलाने माठाच्या बाहेरचा ओलावा हाताने पाहावा आणि माठातले व स्टीलच्या कळशीतले पाणी पिऊन कोणते अधिक गार ते सांगावे. दहा वर्षांच्या मुलीने तापमापी घेऊन दर दोन तासांनी दोन्हींचे तापमान नोंदवावे, माठ वाऱ्यावर आणि कोंदट कोपऱ्यात ठेवून फरक पाहावा, त्याचा आलेख काढावा. चौदा वर्षांच्या मुलाने बाष्पीभवनाचा सुप्त उष्मा समजून घ्यावा. नेहमीच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. मग १० लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडाले, तर उरलेले पाणी किती गार व्हावे? गणिताने उत्तर सुमारे ६ अंश सेल्सियस येते. प्रत्यक्षात घट त्याहून कमी भरते, कारण बाहेरची उष्णता सतत आत येत असते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जितका गारवा देतो, तितका रत्नागिरीच्या दमट हवेत का देत नाही, हा प्रश्न त्यातूनच निघतो. आईने एकदाच मांडलेला हा प्रयोग तिन्ही मुलांना आपापल्या बुद्धीप्रमाणे पुरतो, आणि त्याला परदेशी पेटीची गरज नाही.

हा केवळ कल्पनाविलास नव्हे. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांमध्ये असा उपक्रम सुरू झाला. साध्या, स्वस्त साहित्यातून मुलांनी स्वतः प्रयोग करावेत आणि निष्कर्षही स्वतः काढावा, हे त्याचे सूत्र होते. २००२ साली शासनाने तो थांबविला. पण त्यातून घडलेली ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके आजही उपयुक्त आहेत. या उपक्रमाने प्रेरित झालेल्या अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि टाकाऊ वस्तू यांतून विज्ञानाची खेळणी घडविली आणि पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक इयत्तांसाठी तयार केलेली ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमालाही याच जातीची आहे. एनसीईआरटी आणि बालभारती यांची पाठ्यपुस्तके तर संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. घरचे धन सोडून दारोदार फिरण्याचे कारण काय?

दुसरी कसोटी परिसराची. उत्तर अमेरिकेसाठी लिहिलेल्या पुस्तकात मेपलची पानगळ असते, चार ऋतू असतात, बर्फ असते. आपल्या मुलाच्या अंगणात वड, पिंपळ आणि शेवगा आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे. सरळ उभ्या बाजूंच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस मोजणे हे त्याच्यासाठी खरे विज्ञान. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस पुण्या-मुंबईत मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला राहणाऱ्यांना हे दृश्य आपल्या गावी कधीच दिसत नाही. त्यांच्या पुस्तकात ते नसणार, हे ओघानेच आले.

तिसरी कसोटी पुराव्याची, आणि ती सर्वांत कठोर आहे. अमेरिकेतील काही गृहशिक्षण-पुस्तके बायबलच्या शब्दशः अर्थावर बेतलेली असतात. पृथ्वीचे वय काही हजार वर्षे आहे, असे त्यांत विज्ञान म्हणून सांगितले जाते. पेटी मागविण्यापूर्वी भूगर्भशास्त्र आणि उत्क्रांती यांवरची प्रकरणे पालकांनी स्वतः वाचलीच पाहिजेत. परंतु हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. आर्यभटाने ४९९ साली रचलेल्या ग्रंथात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले. त्याचे मोठेपण ते भारतात सांगितले गेले यात नसून, त्यामागे निरीक्षण आणि गणित होते, यात आहे. प्राचीन काळी सर्व शोध लागलेच होते, असे मुलांना सांगून टाकणे सोपे आहे. मात्र त्यामुळे आर्यभटाचा वारसा चालत नाही. आर्यभटाचा अभिमान बाळगणाऱ्या घराने मुलाला ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची मोकळीक दिली पाहिजे.

एकत्र शिकण्याला मर्यादाही आहे, आणि येथेच अनेक घरे चुकण्याचा धोका असतो. धाकट्यांना सोयीचे म्हणून थोरल्यालाही त्याच पायरीवर थांबविले जाते. किंवा थोरली मुलगी असेल, तर तिला धाकट्यांची शिक्षिका करून टाकले जाते. त्यातून आईचा भार हलका होतो, पण मुलीचे मात्र नुकसान होते. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून भौतिक आणि रसायन या विषयांची उतरंड बीजगणितावर उभी राहते. ती क्रमानेच चढावी लागते. या वयाच्या मुलाला स्वतंत्र पुस्तक, स्वतंत्र वेळ आणि खऱ्या प्रयोगशाळेत हाताने काम करण्याची संधी मिळालीच पाहिजे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, माध्यमिक परीक्षा १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. तिच्या विज्ञान विषयाला प्रात्यक्षिक परीक्षाही आहे. परीक्षेच्या तोंडावर धावाधाव करण्यापेक्षा दोन वर्षे आधी जवळचे अभ्यासकेंद्र गाठून चौकशी केलेली बरी. अन्यथा विज्ञानशाखेची वाट त्या मुलाने स्वतः न निवडताच बंद होईल.

भाषेचा मुद्दाही विसरता येणार नाही. मूल ज्या भाषेत स्वप्ने पाहते, त्या भाषेत त्याला शंका सुचतात. लहानपणी निरीक्षण आणि चर्चा मराठीतच व्हावी. पुढे ‘बाष्पीभवन’ आणि ‘इव्हॅपोरेशन’ हे दोन्ही शब्द जोडीने शिकवावेत, म्हणजे इंग्रजी ग्रंथांचे दारही उघडे राहील. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे मासिक अशा घरात नियमित यावे, हे सांगायला नकोच.

शाळा नाकारणाऱ्या पालकांनी एक मोठी जबाबदारी शिरावर घेतलेली असते. शाळेत एखादे वर्ष वाया गेले तर दोष व्यवस्थेला देता येतो. घरी ती सोय नाही. म्हणून अभ्यासक्रम निवडताना पैशांचा हिशोब जरूर करावा. पण त्याआधी आईवडिलांनी मिळून दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. धाकट्याला या वर्षी स्वतःच्या हातांनी काय करून पाहता येईल? आणि थोरल्याला चार वर्षांनी कोणत्या दारात उभे राहायचे आहे? ज्या पुस्तकांतून या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळते, तीच त्या घरासाठी योग्य; मग ती विकतची असोत वा विनामूल्य.