सोसण्याचे गुणगान कोणाच्या सोयीचे?

कर्करोग झालेल्या स्त्रिया आजाराशी कसे जुळवून घेतात, त्यांच्या जीवनमानाचा दर्जा काय असतो, याची मोजदाद करण्याची प्रथा वैद्यकीय जगतात आता चांगलीच रूढ झाली आहे. निष्कर्षही बहुधा ठरलेला असतो: देवावरील श्रद्धा, घरच्यांचा आधार आणि प्राक्तनाचा स्वीकार यांच्या बळावर ही स्त्री तग धरते. निष्कर्ष खोटा नाही. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जिथे दुसरा कोणताच मार्ग उपलब्ध नाही, तिथे तिने हा मार्ग निवडला असे म्हणणे म्हणजे उपाशी माणसाच्या उपवासाचे कौतुक करण्यासारखे आहे.

या मोजदादीसाठी युरोपात तयार झालेली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली १९९३ पासून जगभर वापरली जाते. तिचा पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा सूटकेस उचलताना त्रास होतो का, असा आहे. आजारामुळे पैशाची ओढाताण होते का, याला तिसांपैकी एक प्रश्न दिलेला आहे. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणाऱ्या, पावसाळ्यात चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या आणि एरवी डोक्यावर सरपणाची मोळी वाहणाऱ्या स्त्रीचे सारे जीवनमान त्या एका प्रश्नात कोंबलेले आहे. सूटकेस तिच्या घरात नसते.

ही स्त्री मुकाट्याने सोसते, हे काही नवे संशोधन नव्हे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते; त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शेकडा आठच होत्या. तो अभ्यास कर्करोगाचा नव्हता. पण ज्या मौनात गर्भाशयमुखाचा कर्करोग वर्षानुवर्षे वाढत राहतो, ते मौन कोणी निर्माण केले, हे त्याने दाखवून दिले. या स्त्रियांना कोणी विचारलेच नव्हते.

हा कर्करोग होण्याआधीच ओळखता येतो. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २००९ मध्ये जाहीर झाला. एच.पी.व्ही. विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. जवळपास तेवढ्याच, पण तपासणी न झालेल्या गटात ६४. मराठवाड्यातील गरीब स्त्रियांनी प्राण देऊन हे ज्ञान जगाला मिळवून दिले. त्यानंतर दहा वर्षांनीही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयोगटातील कधीतरी ही तपासणी झालेल्या भारतीय स्त्रियांचे प्रमाण शेकडा दोनच्याही आत होते!

शासनाचे समर्थक म्हणतील, योजना आहे ना. आहे. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि किरणोपचार यांचे पैसे ती भरते, आणि हे थोडे नव्हे. परंतु किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. भामरागडच्या स्त्रीने ते दिवस कोठे काढावेत? पर्लकोटेला पूर आला की तिचे गाव जगापासून तुटते. सोबतीला नवरा गेला तर दोघांची मजुरी बुडते, थोरली मुलगी गेली तर तिची शाळा सुटते. रेल्वेच्या भाड्यात रुग्णाला सवलत मिळते. ती घ्यायची तर आधी वडशापर्यंत यावे लागते. अखेर ती उपचार अर्धवट टाकून घरी परतते, आणि रुग्णालयाच्या कागदावर तो रुग्णाचा निष्काळजीपणा ठरतो.

ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे त्यांची दशा तर विचारूच नये. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण स्वीकारले. तेथे पंचायतींच्या आधाराने परिचारिका रुग्णाच्या घरी जातात. मॉर्फिनवरील जाचक निर्बंध २०१४ च्या कायदादुरुस्तीने सैल झाले. मग धानोरा किंवा एटापल्लीच्या स्त्रीने रात्रभर कण्हत देवाचे नाव घ्यावे आणि अभ्यासकाने त्याची नोंद 'आध्यात्मिक बळ' अशी करावी, हा कुठला न्याय?

पैसा नाही, ही सबब येथे तरी चालणार नाही. खाणींच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज निधी उभारण्याची तरतूद २०१५ पासून कायद्यातच आहे, आणि तो खाणबाधितांसाठीच आहे. चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयाला या निधीचा हातभार लागला, हे योग्यच झाले. पण सिरोंच्याहून चंद्रपूरही दूर आहे. क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा रोख रक्कम देता येते, तर कर्करोगग्रस्त मजूर स्त्रीला उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, सोबत्यासह राहण्याची सोय आणि तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फिन का देता येऊ नये? निधीच्या नियामक मंडळापुढे ग्रामसभांचे ठराव घेऊन कार्यकर्त्यांनी हा प्रश्न तेंदूच्या हंगामाआधी मांडला पाहिजे.