गच्चीवरची शेगडी

मैत्रिणींनो, थंडी पडली की अंबरनाथ-बदलापूरकडे गच्चीवर बार्बेक्यूचा बेत ठरतोच. उल्हासनगरच्या बाजारातून शेगडी आणणार असाल, तर आधी जाळी नीट पाहा. जस्ताचा मुलामा दिलेली नको. फार तापली की जस्ताचा धूर निघतो, तो बाधतो. स्टेनलेस स्टीलची घ्यावी.

कोळसे अर्धा तास आधी पेटवा. वर पांढरी राख धरली की मगच भाजायला घ्यावे. पेटत्या कोळशावर रॉकेल, स्पिरिट मुळीच ओतू नये. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा, म्हणजे जळत नाहीत. पनीर, कांदा, सिमला मिरचीला चक्का, लाल तिखट, आले-लसूण आणि चमचाभर भाजलेले बेसन लावा. बाटलीतला तिखट-गोड सॉस मात्र अगदी शेवटी. त्यातली साखर पटकन करपते. त्यापेक्षा आपला ठेचा वरून लावून बघा ना!

आता महत्त्वाचे. गार वारा सुटला, मुले कुडकुडली, म्हणून शेगडी खोलीत किंवा बंद बाल्कनीत आणू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. निखारे मंदावले तरी तो निघतच असतो. डोके दुखले, मळमळले, तर सगळ्यांना तडक मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांना गाठा.

जेवणे आटोपली की निखारे पाण्याने पुरते विझवा. शेगडी रात्रभर गच्चीवरच राहू दे. उबेला शाली आहेतच की!