अंदमानला जाताना

रिठदच्या काळ्या रानातून निघालेल्या कुटुंबाला निळ्या समुद्राची ओढ वाटावी, यात नवल नाही. स्वराज द्वीपाचा राधानगर किनारा आहेच तसा! परंतु श्रीविजयपुरम् (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथील सेल्युलर जेल सायंकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमापुरते उरकणे आम्हांस खटकते. स्वातंत्र्यवीर सावरकर ४ जुलै १९११ रोजी तेथे पोहोचले, १९२१ पर्यंत राहिले. थोरले बंधू बाबाराव त्याच कारागृहात, तरी भेटीची चोरी. कोलूला जुंपलेल्या बंदिवानाने दिवसाकाठी तीस पौंड तेल काढावयाचे. सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. तेव्हा सकाळीच जावे. मुलांना कोठडीत क्षणभर उभे करावे. मनोऱ्यातील फलकांवर बंदिवानांची नावे कोरली आहेत, त्यांत बंगालची सर्वाधिक. तीही त्यांना मोठ्याने वाचू द्यावीत.