हार एका दिवसाचा, निगा वर्षभराची

नवी मोटरसायकल दारात आली की आपल्या घरांत आनंदाला उधाण येते. आई ओवाळते, नारळ फुटतो, हँडलला फुलांचा हार चढतो. ज्या अवजारावर पोट चालते त्याला आधी नमस्कार करावा, ही शिकवण आपले पूर्वज कोकणातून या बेटावर घेऊन आले आणि ती आपण जपली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण हार सुकून गेल्यावर त्या गाडीकडे कोण पाहतो? आज आम्हाला या प्रश्नाविषयी दोन शब्द लिहावयाचे आहेत.

१५० ते २५० सीसीच्या लहान स्पोर्ट मोटरसायकली आपल्या तरुणांच्या विशेष आवडीच्या आहेत. रविवारी त्या धुऊन, पुसून आरशासारख्या लखलखीत केल्या जातात. मात्र खाली वाकून पाहिले तर चेन गंजाने तांबडी झालेली आणि टायर गुळगुळीत झालेला दिसतो. जे दिसते त्याला पॉलिश आणि ज्यावर जीव अवलंबून त्याची उपेक्षा, असा हा उलटा न्याय आहे.

आपल्या बेटाची हवा लोखंडाला मानवणारी नाही. किनाऱ्यावर समुद्राचा खारा वारा आणि क्युरपीप, वाकोआकडे वर चढावे तर रिमझिम पाऊस. ऊन, मीठ आणि पाणी एकाच प्रवासात गाडीला लागते. म्हणून चेनची सफाई दर ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर लगेच करावी. रॉकेलात बुडवलेल्या मऊ ब्रशने ती घासावी, कोरडी पुसावी आणि मग चेनचे तेल द्यावे. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याने कड्यांमधील रबराच्या बारीक चकत्या खराब होतात.

हे काम करताना इंजिन बंदच असले पाहिजे. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडके लावण्याच्या घाईत बोटे गमावलेली माणसे आहेत. या गाड्यांना बहुधा मधला स्टँड नसतो. मागचे चाक उचलणारा वेगळा स्टँड घ्यावा. तो नसेल तर गाडी थोडी थोडी पुढे ढकलत एकेक भाग पुसावा. चेन किती सैल असावी हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. लहान गाड्यांत ते माप बहुधा २० ते ४० मिलिमीटरांच्या दरम्यान असते. फार सैल चेन दात्यांवरून उतरून मागचे चाक जागीच अडवू शकते आणि फार ताणलेली चेन बेअरिंग खाते.

टायरची हवा आठवड्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना मोजावी. धावत्या गाडीचा रस्त्याशी संबंध जेमतेम तळहाताएवढ्या रबराचा असतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे आळस आपोआप जाईल. ब्रेकचे पॅड किती उरले ते महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात पाहावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. शामारेलहून काझ नोयालकडे उतरताना ब्रेक तापले की असे जुने तेल उकळू लागते आणि नेमक्या वळणावर ब्रेक हाताला मऊ लागतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

इंजिनचे तेल बदलणे घरी सहज जमते. परंतु डब्यावर जासो एमए अशी खूण पाहूनच तेल घ्यावे. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या काही तेलांनी तो घसरू लागतो.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. स्वतः करणे म्हणजे सर्वच स्वतः करणे नव्हे. ब्रेक उघडणे, व्हॉल्व्हचे अंतर लावणे ही कामे जाणत्या मेकॅनिकचीच आहेत. पण रोज गाडीला हात लावणाऱ्यालाच बिघाड आधी कळतो आणि गॅरेजमध्ये काय सांगावे हेही त्यालाच उमगते.

आणखी एक गोष्ट. काढलेले जुने तेल गटारात किंवा उसाच्या शेतात ओतू नका. २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो जहाज प्वॅंत देस्नी येथे खडकावर चढले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा साऱ्या जातिधर्मांच्या लोकांनी उसाचा पाचोळा भरून तरंगते बांध शिवले. ज्या हातांनी ते बांध शिवले त्याच हातांनी आपण लिटरभर तेल नाल्यात सोडावे काय? ते नालेही शेवटी समुद्रालाच मिळतात. तेल डब्यात भरून ठेवावे आणि जुने तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे नेऊन द्यावे.

पालकांनाही आमची विनंती आहे. मुलाला गाडीचे हप्ते भरून देता, तर पान्यांचा एक संच आणि रविवारचा अर्धा तासही द्या. मुलगी गाडी चालवीत असेल तर तिलाही हे शिकवा. उसाच्या मळ्यात राबलेले आपले आजे-पणजे कोयत्याला धार असल्याशिवाय कामाला जात नसत. शाळा त्यांना मिळाली नाही, पण अवजाराची निगा ही त्यांची विद्या होती. ती विद्या चेन, टायर आणि ब्रेक यांच्या रूपाने आपल्या अंगणात पुन्हा जिवंत व्हावी. गाडी घेऊन गेलेले मूल संध्याकाळी सुखरूप घरी परतावे, यापरते दुसरे काय हवे?