उडणारा वीर मध्येच का अडखळतो?

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतून माळ्यावरची पिंपे खाली उतरतात, डबे घासले जातात, छताच्या पंख्यांची पाती पुसली जातात आणि देवघरातील समई चिंच लावून लख्ख होते. एवढ्या धामधुमीत घरातील एका वस्तूकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. ती म्हणजे टेबलाखाली बसलेला संगणक! वरून एक फडके फिरविले, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिले, की त्याची दिवाळी झाली. त्याच्या पोटात वर्षावर्षांची धूळ तशीच राहते. मग एके दिवशी तो धापा टाकू लागतो, आणि घरात नव्या यंत्राचे अंदाजपत्रक सुरू होते. हे अंदाजपत्रक मांडण्यापूर्वी काय पाहावे, एवढाच या वेळच्या गप्पांचा विषय आहे. मात्र विषय रूक्ष वाटू नये म्हणून एका नगरीची गोष्टही सांगावी लागणार आहे.

ही नगरी भूगोलात सापडणार नाही. तिचे नाव पॅरागॉन सिटी. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात ती वसली आहे असे मानावयाचे. ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळात ती २८ एप्रिल २००४ रोजी सर्वांसाठी खुली झाली. इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आणि मँड्रेक वाचून जी मुले मोठी झाली, त्यांना दुसऱ्याने निर्मिलेल्या वीराचे पराक्रम वाचण्यावर समाधान मानावे लागे. येथे गंमत अशी की, आपला वीर आपणच घडवावयाचा. त्याची उंची, चेहरा, पोषाख, शक्ती आणि नाव सारे आपल्या मनचे. ही मुभा इतकी मोठी होती की, आमच्या वीरांसारखे वीर लोक येथे बनवितात, अशी तक्रार घेऊन मार्व्हल कंपनी नोव्हेंबर २००४ मध्ये न्यायालयात गेली. पुढच्या वर्षी तडजोड होऊन ते प्रकरण मिटले.

खेळात उतरले की समोर अ‍ॅटलास पार्क, नगरभवनापुढे पृथ्वीचा गोल खांद्यावर पेलणारा प्रचंड पुतळा, आणि भोवती जगभरचे खेळाडू. कोणी उडतो, कोणी वाऱ्यासारखा धावतो, कोणी एका उडीत इमारत ओलांडतो. एकट्याने खेळता येते. पण खरी मजा चमूत. ‘टँकर’ पुढे राहून शत्रूचे तडाखे अंगावर घेतो, ‘ब्लास्टर’ लांबून मारा करतो, आणि ‘डिफेंडर’ मागे राहून साथीदारांचे रक्षण करतो. डिफेंडरांपैकी जे जखमा भरून काढतात त्यांच्या शक्तीला नाव दिले आहे ‘एम्पथी’, म्हणजे सहवेदना. खेळातले नाव असले तरी ते विचार करण्याजोगे आहे.

आमच्या आळीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. सारी आळी त्यांना अण्णा म्हणते, तेव्हा आपणही अण्णाच म्हणू. वय अडुसष्ट. मुलगा २००८ साली शिकावयास अमेरिकेत गेला तो न्यू जर्सीत स्थायिक झाला. दर आठवड्याला फोन येई. “जेवलास का?” “हवा कशी आहे?” “बरं आहे ना सगळं?” एवढे झाले की दोन्हीकडचे शब्द संपत. बापलेकांत प्रेम नव्हते असे नाही. बोलावयास विषय नव्हता. गेल्या वर्षी मुलाने अण्णांना या खेळात ओढले. तेव्हापासून रविवारी सकाळी साडेसातला, म्हणजे उन्हाळी वेळेप्रमाणे तिकडच्या शनिवारी रात्री दहाला, दोघे नगरीत भेटू लागले. अण्णा टँकर, मुलगा सहवेदनेचा डिफेंडर. बाप पुढे, लेक मागे. कानाला हेडफोन लावून दोघे दीड-दीड तास बोलत. आणि शत्रू पडत असताना मुलगा सहज सांगून जाई की, नोकरीचे तितकेसे ठीक नाही. जे फोनवर कधी निघाले नाही, ते तेथे निघे.

“या वयात उडायचं सुचतंय यांना!” असे अण्णांच्या सौभाग्यवती म्हणत; पण रविवारचा चहा मात्र टेबलाशी नेऊन ठेवीत.

आणि श्रावणात यंत्र बिघडले. आरंभी सारे सुरळीत. वीस मिनिटे झाली की चित्र अडखळे. उडणारा वीर आकाशात थबके आणि पुढच्या क्षणी भलत्याच ठिकाणी जमिनीवर आडवा दिसे. मुलगा म्हणे, “अण्णा, मी औषध दिलं होतं हो, तुम्ही तिथं नव्हतात.” एका दुकानदाराने यंत्राकडे न पाहताच निकाल दिला की, सहा वर्षांचे झाले आहे, नवे घ्या, पंचाऐंशी हजार होतील. अण्णा ठेवीची पावती मोडावयास निघाले, तेव्हा सौभाग्यवतींनी आम्हाला बोलाविणे धाडले.

आता मुद्द्याची गोष्ट. खेळ अडखळतो असे आपण म्हणतो, तेव्हा दोन निराळे रोग एकाच नावाने ओळखतो. एक रोग घरातला व दुसरा वाटेतला. संगणक दर सेकंदाला ठरावीक संख्येने चित्रे रंगवितो. ती साठ असली तर प्रत्येक चित्राला सुमारे सतरा सहस्रांश सेकंद मिळतात. चित्रे रंगविणेच मंदावले तर तो घरातला रोग. आपली आज्ञा दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर येण्यास उशीर लागला, तर तो वाटेतला. पहिल्यात सारे दृश्यच गचके खाते. दुसऱ्यात दृश्य गुळगुळीत असते, पण मारलेला ठोसा उशिरा लागतो. या खेळात दोन्ही मोजण्याची सोय आहे. संवादाच्या चौकटीत तिरपी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत ‘शोएफपीएस १’ लिहिले की चित्रांची संख्या दिसते, आणि ‘नेटग्राफ १’ लिहिले की वाटेचा आलेख.

वाटेच्या रोगाला मर्यादा निसर्गानेच घातली आहे. पुण्यापासून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ अंतराने सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन एक अष्टमांश सेकंद तर लागणारच. आणि समुद्रातल्या तारा सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात पाव सेकंदाच्या आसपास. पंचाऐंशी हजार काय, पंचाऐंशी लाख खर्चूनही हे अंतर कमी होणार नाही. घरात वायफायऐवजी राउटरपासून थेट तार जोडली तर आलेखातील चढउतार कमी होतो, एवढेच आपल्या हाती.

अण्णांकडे आलेख स्थिर होता. चित्रे मात्र साठावरून चौदावर घसरत होती. म्हणजे रोग घरातला. पुढचा प्रश्न असा की, तो पहिल्या मिनिटापासून आहे की काही वेळाने येतो? पहिल्यापासून असेल तर यंत्र अशक्त आहे, किंवा चुकीचे जोडले आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची तार मदरबोर्डच्या भोकात खोचलेली असणे हा नेहमीचा प्रकार; मग विकत घेतलेले कार्ड स्वस्थ बसते आणि प्रोसेसरमधले साधे ग्राफिक्स सारा भार ओढते. लॅपटॉपमध्ये दोन प्रकारचे ग्राफिक्स असेल, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या खेळासाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे लागते. पण रोग वीस मिनिटांनी येत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. बहुतेकांची ही मर्यादा शंभर अंश सेल्सियसच्या आसपास असते. उन्हात नांगरणारा बैल जसा सावलीला थांबतो, तसेच हे. त्याला आळशी म्हणू नये. अण्णांच्या यंत्रात टास्क मॅनेजर उघडून ठेवला, तेव्हा तीन गिगाहर्ट्‌झच्या वर चालणारा प्रोसेसर वीस मिनिटांनी एकाच्या जवळ येऊन बसला. तापमान सत्त्याण्णव अंश. निदान झाले.

वीज बंद करून, तार भिंतीपासून काढून, यंत्र गच्चीवर नेले. पेटी उघडताच दिसले की, प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांमध्ये धुळीची गादीच तयार झाली आहे. पंखा फिरत होता, पण वारा जाणार कोठून? मऊ कुंचल्याने आणि हवेच्या फवाऱ्याने धूळ काढली. फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने ती भरधाव फिरली तर पंखा बिघडू शकतो. ओले फडके लावू नये. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको. त्याने स्थिर वीज निर्माण होऊन नाजूक भागांना अपाय होऊ शकतो. मग पंखा उतरवून प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसली आणि वाटाण्याएवढी नवी लावली. खर्च साडेतीनशे रुपये. रविवारी दीड तास खेळ चालला. चित्रे साठाच्या खाली क्वचित गेली, आणि तापमान सत्तरच्या घरात राहिले.

“मग आता जत्रेतही चालेल ना?” अण्णांनी विचारले. हा प्रश्न मार्मिक होता. या नगरीत हॅमिडॉन नावाचा एक अवाढव्य राक्षस आहे, त्याच्यावर अनेक चमू एकदम तुटून पडतात. त्या गर्दीत चांगली यंत्रेही गुडघे टेकतात. कारण खेळ २००४ सालचा, आणि त्या काळी घरगुती संगणकाच्या प्रोसेसरला बहुधा एकच गाभा असे. जुन्या घडणीचा कार्यक्रम आजच्या आठ गाभ्यांना सारखे काम वाटून देऊ शकत नाही. एक राबतो, बाकीचे पाहत बसतात. अडचण कार्डाची की प्रोसेसरची, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. चित्राचे रिझोल्यूशन थोडा वेळ कमी करून पाहावे. चित्रांची संख्या वाढली तर भार कार्डावर होता; जैसे थे राहिली तर प्रोसेसरवर. दुसऱ्या प्रकारात महागडे कार्ड आणून उपयोग फारसा नाही. त्यापेक्षा ठिणग्या, धूर, चकाकी यांचे कण कमी करावेत आणि २०१० साली आलेल्या ‘अल्ट्रा मोड’मधील सावल्या व प्रतिबिंबे जत्रेपुरती बंद ठेवावीत. राक्षस तेवढाच मरतो.

येथवर यंत्राचे झाले. परंतु असाही एक बिघाड असतो, ज्याला कुंचला आणि पेस्ट पुरी पडत नाही. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी खेळ चालविणाऱ्या एनसीसॉफ्ट कंपनीने जाहीर केले की, ही नगरी बंद होणार. सप्टेंबरात कितीतरी खेळाडू आपापल्या वीरांच्या हाती मशाली देऊन अ‍ॅटलास पार्कात जमले. उपयोग झाला नाही. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी सर्व्हर बंद झाले. अण्णांच्या मुलाने परदेशातल्या पहिल्या एकाकी वर्षांत घडविलेला वीरही त्या दिवशी गेला. त्याचे यंत्र त्या रात्री उत्तम चालत होते! वीराची नोंद त्याच्या यंत्रात नव्हतीच. ती कंपनीच्या सर्व्हरवर होती. पैसे भरून घेतले ते घर नव्हते, भाड्याची खोली होती.

पुढे २०१९ च्या एप्रिलात उघड झाले की, काही मंडळींनी खेळ खासगी सर्व्हरवर गुपचूप जिवंत ठेवला होता. त्यावरून गदारोळ झाला, तो कार्यक्रम खुला झाला, आणि ‘होमकमिंग’ नावाचे सर्व्हर उभे राहिले. ते स्वयंसेवक देणग्यांवर चालवितात. खेळणाऱ्याला शुल्क नाही. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने त्यांना रीतसर परवाना दिला. मुलाने आपला वीर आठवून आठवून पुन्हा घडविला, आणि मग वडिलांना बोलाविले.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत दोन कामे करा. घरातला संगणक कुरकुरत असेल तर आधी मोजा, मग साफ करा, मग सेटिंग बदला, आणि सर्वांत शेवटी पाकीट उघडा. हा क्रम उलटा करण्यात फायदा फक्त दुकानदाराचा. दुसरे काम असे की, जे दूरच्या सर्व्हरवर आहे आणि जपावेसे वाटते, त्याची प्रत घरी आणून ठेवा. या खेळात वीराचा पोषाख आपल्या यंत्रावर फाइल म्हणून जतन करता येतो. छायाचित्रे, पत्रे, हिशेब यांचेही तसेच करता येते. ती प्रत एका वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवली, की पेटी बदलली किंवा नगरी बुडाली तरी वीर हाताशी राहतो.